पेटीचा कंप आणि गळ्याचें आंदोलन

पंचवटींत ज्या भागांत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं आपल्या उत्तरायुष्यांत रामनाम आधाराश्रम स्थापिला, त्या बाजूला सायंकाळीं गेलें कीं भजनाच्या पेटीचे सूर कानीं पडतात. कांहीं पेट्यांना समोर एक खुंटी असते. ती ओढली कीं सूर थरथरूं लागतो. यालाच ट्रेमोलो म्हणतात. श्रोत्यांना तो भावपूर्ण वाटतो; मला मात्र तो थंडीनें कुडकुडणाऱ्या माणसासारखा वाटतो!

त्या खुंटीमागें वाऱ्याच्या वाटेवर एक हलकी झडप असते. ती हलते तसा सूर लहानमोठा होतो. तो जागचा मात्र फारसा सरकत नाहीं. दरबारी कानड्याचा कोमल गांधार याच्या अगदीं उलट. तेथें सूर स्वतःच ऋषभाच्या बाजूस झुकतो आणि सावकाश परततो. पहिला कंप, दुसरें आंदोलन. दोहोंस एक मानणें ही कानाची फसवणूक आहे.

१८४२ सालीं पॅरिस येथें दबें यानें हार्मोनियमचा हक्क नोंदविला आणि १८५७ सालीं जर्मनींतील ट्रोसिंगेन गांवीं होनर नांवाच्या घड्याळजीनें माऊथ ऑर्गन करण्यास आरंभ केला. दोन्ही वाद्यांचा प्राण एकच : वाऱ्यानें कांपणारी धातूची पत्ती. चिनी लोकांच्या शेंग वाद्यांत ती कित्येक शतकें आधीं होती. भेद एवढाच कीं पेटींत वारा भात्याचा, तर माऊथ ऑर्गनांत वादकाच्या छातीचा.

पेटीवर आंदोलन निघत नाहीं, मींड निघत नाहीं, हाच आक्षेप घेऊन १९४० च्या मार्चमध्यें ऑल इंडिया रेडिओनें तिला बंदी केली. ती १९७१ सालीं सैल झाली. आक्षेप खरा होता. परंतु गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनीं जिच्यावर एकल वादन करून मैफली रंगविल्या, तिला तीस वर्षांची हद्दपारी ही शिक्षा जबरच म्हटली पाहिजे.

शिवाय दोष पत्तीचा नव्हे. दहा छिद्रांच्या माऊथ ऑर्गनांत प्रत्येक छिद्रास फुंकण्याची एक व ओढण्याची एक अशा दोन पत्त्या असतात. श्वास आंत ओढतांना तोंडाची पोकळी बदलली कीं कित्येक सूर खालीं उतरतात, आणि सोडले कीं वर येतात. तळहातांची ओंजळ उघडमीट केली तर साधा कंप निघतो, तो वेगळा. आपल्या बाजारांत पुष्कळदां मिळणारा दुहेरी पत्त्यांचा बाजा मात्र कंप तयारच घेऊन येतो : एक पत्ती ४४० ची, दुसरी ४४४ ची असली तर सेकंदास ४ हिंदोळे आपोआप पडतात. वादकानें केवळ फुंकावें.

दहा छिद्रांच्या बाजावर दरबारीचा गांधार मीं एकदां काढून पाहिला. दोनदां तो बरा हलला. तिसऱ्यांदा अति जोर केला आणि पत्तीच बसली. पेटीवर मात्र, तिची पत्ती शाबूत असूनही, तो गांधार एकदांही हलला नव्हता.