चाकूचे पहिले धडे : स्लॉइडच्या इतिहासातून एक बोध

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, आपल्या घरोघर आयुधांची पूजा होते. सुतार आपली करवत, रंधा, वाकस आणि पटाशी धुऊन-पुसून मांडतो व त्यांवर गंध-फूल वाहतो. लेखणीवर निर्वाह करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरी चौरंगावर दौत-लेखणी व पोथ्या असतात, आणि अलीकडे दाराशी उभ्या असलेल्या वाहनालाही झेंडूची माळ मिळते. परंतु ज्या चौरंगावर ही पूजा मांडली जाते तो चौरंग कोणत्या लाकडाचा, त्याचे पाय कोणत्या हत्याराने घडविले, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांस निरुत्तर व्हावे लागेल. देवाची पालखी खांद्यावर घेण्यात आपण धन्यता मानतो. मात्र ती घडविणाऱ्या हाताची विद्या ही आपली नव्हे, असे आपण पिढ्यान् पिढ्या गृहीत धरून चाललो आहोत.

वस्तुतः काष्ठशिल्पाच्या बाबतीत आपला प्रदेश दरिद्री कधीच नव्हता. सावंतवाडीच्या चितार आळीत मांडलेली लाकडी फळे आणि खेळणी कोणी पाहिली नाहीत? तेथील कारागीर पूर्वीपासून पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाला पसंती देत आले. गोव्यात कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचे लाखकाम प्रसिद्ध आहे. बेळगाव जिल्ह्यातील गोकाक गावाने हलक्या लाकडाची रंगीत फळे व चित्रे घडवून नाव मिळविले, तर हैदराबादकर वाचकांना निर्मळची खेळणी परिचित असतीलच. परंतु ही सर्व विद्या त्या त्या घराण्यांत राहिली. बापाने मुलास दिली, मुलाने नातवास दिली. शेजारच्या घरातील मुलाने ती केवळ विकत घेतली. चाकूने लाकूड तासणे हा प्रत्येक मुलाच्या शिक्षणाचा भाग असावा, हा विचार आपल्याकडे रुजला नाही. तो कोठे रुजला आणि कसा, हे पाहण्यासाठी आपणांस युरोपच्या उत्तर टोकाकडे, फिनलंड व स्वीडन या देशांकडे जावे लागते.

त्या देशांत हिवाळा दीर्घ असतो. शेतीची कामे थांबली की शेतकऱ्याचे कुटुंब शेकोटीभोवती बसून चमचे, दांडे, दाताळी, पेट्या असे काहीबाही घडवीत असे. या घरगुती हस्तव्यवसायास स्वीडिश भाषेत ‘स्लॉइड’ म्हणत. मूळ अर्थ कौशल्य, हातखंडा. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांचा माल खेडोपाडी पोहोचला, आणि शेकोटीजवळचे चाकू हळूहळू गंजू लागले.

हा ऱ्हास प्रथम शाळेच्या मार्गाने रोखला तो फिनलंडमध्ये. ऊनो सिग्नेउस (१८१०–१८८८) हे त्या देशाच्या प्राथमिक शिक्षणाचे जनक मानले जातात. पेस्तालोत्सी व फ्रोबेल या शिक्षणज्ञांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. हात आणि बुद्धी यांचे शिक्षण एकत्र झाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या प्रेरणेने १८६६ साली फिनलंडच्या ग्रामीण शाळांत मुलांसाठी हस्तव्यवसाय हा आवश्यक विषय ठरला.

स्वीडनमध्ये हे कार्य ओटो सालोमोन (१८४९–१९०७) यांनी पुढे नेले. त्यांचे मामा आउगुस्ट आब्राहमसॉन हे गोथेनबर्गचे धनाढ्य व्यापारी. त्यांनी १८६८ साली नेस नावाची जहागीर विकत घेतली, आणि १८७२ साली तेथे मुलांसाठी हस्तव्यवसायाची शाळा निघाली. १८७५ साली शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. १८७७ साली सालोमोन फिनलंडला जाऊन सिग्नेउसना भेटले. या भेटीने त्यांच्या विचारास निश्चित वळण मिळाले. तोवर स्वीडनमधील अनेकांची दृष्टी अशी होती की, शेतकऱ्याच्या मुलाने हस्तव्यवसाय शिकावा तो चार पैसे जोडण्यासाठी. सालोमोन म्हणू लागले की, वस्तू विकली जाते की नाही हा प्रश्न गौण आहे. वस्तू घडविताना मुलगा कसा घडतो, हा खरा प्रश्न होय.

नेसच्या अभ्यासक्रमात सोप्याकडून कठीणाकडे जाणाऱ्या नमुन्यांची मालिका होती, आणि तिचा आरंभ चाकूने होत असे. रंधा नाही, पटाशी नाही. एक चाकू व एक लाकडाचा तुकडा. पहिल्या वस्तू किती साध्या! एक टोकदार काडी, फुलझाडाला आधार देण्याची काठी, अशा. चाकूच प्रथम का, यास सालोमोन यांचे उत्तर होते की, खेड्यातील मुलास तो आधीच परिचित असतो. आम्हांस याखेरीज आणखी एक कारण दिसते. रंध्यात पाते लाकडात किती शिरावे हे रंधाच ठरवितो. चाकूत ते हातास आणि डोळ्यासच ठरवावे लागते. सालोमोन यांचे इतर नियमही मननीय आहेत. वस्तू घरात उपयोगी पडणारी असावी, केवळ शोभेची नसावी. ती विद्यार्थ्याने प्रारंभापासून शेवटपर्यंत स्वतः करावी. प्रत्येकाने आपापल्या गतीने पुढे जावे. हे शिकण्यास नेस येथे अनेक देशांतून शिक्षक येऊ लागले, आणि तेथून हा विचार इंग्लंड-अमेरिकेपर्यंत पोहोचला.

आपल्याकडेही हस्तशिक्षणाचा विचार झाला नाही असे नव्हे. सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन स्थापिले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मूलोद्योगाभोवती सर्व शिक्षण गुंफण्याची योजना मांडली. सूतकताईबरोबर सुतारकामासही तीत स्थान होते. तथापि विद्यार्थ्यांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, ही त्या योजनेतील अपेक्षा वादाचा विषय झाली. सालोमोन यांनी बाजार आणि शाळा यांची फारकत केली होती. गांधीजींना आपल्या दरिद्री देशात ती चैन परवडणारी वाटली नाही. दोन्ही भूमिकांमागे करुणा होती. परंतु पुढे योजना मागे पडली, आणि सुशिक्षित घरांतील हातांचा हत्याराशी संबंध पूजेपुरताच राहिला.

येथे वाचक म्हणतील, इतिहास झाला. आता आम्ही करावे काय? आमचे उत्तर सरळ आहे. नेसप्रमाणे चाकूपासून आरंभ करावा. आम्ही स्वतः उतारवयात तो केला. आमची पहिली काठी वाकडी झाली आणि अंगठ्यास चिंधी बांधावी लागली, म्हणून थोडे अनुभवाचे बोल लिहितो.

चाकू लहान असावा. पाते बोटाएवढे लांब आणि मुठीत पक्के बसविलेले. त्याची धार तीक्ष्ण हवी. बोथट चाकू निर्धोक हा भ्रम आहे. त्यास जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला चाकूच निसटतो. लाकूड मऊ निवडावे. कुळागरात पानवेलीस आधार म्हणून लावलेला, फाल्गुनाच्या सुमारास लाल फुलांनी पेटणारा पांगारा यास उत्तम, सावरही चालेल. सागवानाच्या वाटेस नवशिक्याने जाऊ नये. ओले लाकूड लोण्यासारखे कापले जाते, पण वाळताना तडकते, हे ध्यानी ठेवावे.

नंतर रेषा ओळखण्यास शिकावे. लाकडाचे तंतू ज्या दिशेने उतरतात त्या दिशेने तासले की ढलपी गुळगुळीत निघते. उलट गेले की लाकूड फाटते. फाटू लागताच हट्ट न धरता काठी फिरवून घ्यावी. पाते नेहमी अंगापासून दूर चालवावे. त्याच्या वाटेत बोट, मांडी वा शेजारी बसलेले मूल असू नये. जेथे थांबायचे तेथे आधी आडवा छेद द्यावा, म्हणजे ढलपी तेथेच तुटते. मुलाच्या हाती चाकू द्यावा तो वडीलधाऱ्याने जवळ बसूनच.

पहिली वस्तू नेसचीच घ्यावी : अंगणातील अबोलीच्या किंवा जास्वंदीच्या रोपास आधाराची सरळ काठी. दुसरी आपली, करवंटीच्या डावाचा, म्हणजे कोकणीतील दवल्याचा दांडा. तो आजीच्या हातात नीट बसतो की नाही, याहून कठोर परीक्षक मिळणार नाही. त्यानंतर एखादे फळ वा लहानसा बैल करण्यास हात आपोआप धजावेल.

याने कोणी कारागीर होणार नाही, आणि व्हावे असा आमचा आग्रहही नाही. परंतु ज्याने एकदा काठी सरळ करण्यासाठी तासभर खर्ची घातला, तो चितार आळीत उभा राहून लाकडी आंब्याची किंमत करताना घासाघीस करणार नाही. सभामंडपाचा जुना कोरीव खांब काढून तेथे सिमेंटचा उभारावा, असा प्रस्ताव देवस्थानच्या सभेत आला, तर तो निदान एकदा त्या खांबावरून हात फिरवून पाहील. कारागिराच्या घरची विद्या टिकायची तर ती पारखणारे हात शेजारच्या घरी असावे लागतात. येत्या खंडेनवमीस चौरंगावर एक लहान चाकूही मांडावा. आणि दुसऱ्या दिवशी, सीमोल्लंघनाच्या मुहूर्तावर, तो उचलून अंगणात बसावे.