वळून पाहणारा चित्रकार

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला मी आधी एकाच चित्रासमोर उभे करीन: थॉमस कोलचे ‘द ऑक्सबो’, १८३६ सालचे, आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेले. डावीकडे वादळाने झोडपलेले रान, मोडून पिळवटलेले झाड. उजवीकडे कनेक्टिकट नदीचे संथ वळण आणि आखीव शेते. मधल्या खडकांआड टोपी घातलेला एक इवलासा माणूस चित्र काढता काढता मान वळवून आपल्याकडे पाहतो आहे. तो स्वतः कोल.

कोल इंग्लंडमधल्या लँकेशरचा, कापडगिरण्यांच्या मुलखातला. १८१८ साली तो अमेरिकेत आला आणि १८२५ मध्ये हडसन नदीने वर कॅट्सकिलच्या डोंगरांत गेला. ईरी कालवा पूर्ण झाला तोही त्याच वर्षी. रान माणसाच्या आवाक्यात आले आणि तुटूही लागले, ते एकदमच. म्हणून या चित्रांतल्या आनंदाला हुरहुरीची किनार आहे.

त्याच्यामागून अॅशर ड्युरँड, फ्रेडरिक चर्च आले. या मंडळींना ‘हडसन रिव्हर स्कूल’ म्हणतात. यातले ‘स्कूल’ आपण घराणे या अर्थाने घ्यावे. चर्चचे ‘नायगारा’ (१८५७) पाहताना पायांखालची जमीनच सुटते, कारण त्याने पुढे काठ रंगवलेलाच नाही.

पुढे चित्रकार पश्चिमेला गेले. थॉमस मोरान १८७१ साली सरकारी पाहणी पथकाबरोबर यलोस्टोनला पोहोचला. त्याचे भव्य चित्र पाहून तिथले राष्ट्रीय उद्यान झाले, असे पुष्कळदा सांगतात. तसे नाही. कायदा मार्च १८७२ चा. त्याला हातभार लागला तो मोरानच्या जलरंगांचा आणि विल्यम जॅक्सनच्या छायाचित्रांचा. मोठा कॅनव्हास नंतर पुरा झाला, आणि काँग्रेसने तो १०,००० डॉलरना विकत घेतला.

अल्बर्ट बीरश्टाटचे १८६५ चे योसेमिटी मात्र मला अस्वस्थ करते. सोनेरी उजेडात न्हालेले ते खोरे निर्मनुष्य आहे. १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने तिथल्या अहवाहनीची लोकांना हुसकून लावले होते. ज्याला ‘अस्पर्श रान’ म्हणून रंगवले, ते कुणाचे तरी घर होते.

इथवर आल्यावर पुन्हा ‘ऑक्सबो’कडे जा. नदीपलीकडच्या डोंगरावर फिकट पट्टे दिसतील. पहिल्या नजरेत ते उन्हाचे कवडसे वाटतात. ती झाडे तोडलेली जागा आहे.