तीन महिने कोणाला सांगू नये

यवतमाळकडच्या घरात सुनेला दिवस गेल्याचं कळलं, की सासू आधी एकच गोष्ट बजावते : "तीन महिने कोनाले सांगू नोको बाई. नजर लागते."

हा सल्ला अगदीच खुळा नाही. लक्षात आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० आपोआप गळून जातात, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. आनंदाची बातमी गावभर सांगायची आणि मग तितक्याच घरी जाऊन "राहिलं नाही" म्हणायचं, हे कोणत्या बाईला हवं असेल? शिवाय पूर्वी पक्कं कळायचंच उशिरा. पाळी अशक्तपणामुळे चुकली की दिवस राहिले, हे पोटात हालचाल जाणवेपर्यंत खात्रीने सांगता येत नसे. लघवीवरून गर्भधारणा ओळखायची पहिली भरवशाची चाचणी १९२७-२८ मध्ये बर्लिनला निघाली, आणि त्यासाठी ती लघवी उंदराच्या मादीला टोचावी लागे. घरी वापरायचं किट अमेरिकेतल्या दुकानांत आलं ते १९७०च्या दशकाच्या अखेरीस. मेडिकलमधून पट्टी आणायची आणि पाच मिनिटांत दोन रेघा बघायच्या, ही सोय आपल्या आजीला नव्हती. तीन महिने गप्प राहायची रीत त्या आधीच्या जगातली आहे.

पण याच जिल्ह्यात अशीही जोडपी आहेत, ज्यांना हे तीन महिने गप्प बसणं परवडत नाही. निदान दुसऱ्या बाळाच्या वेळी तरी नाही. त्यांच्या पहिल्या मुलाला सिकलसेल आहे.

पहिलं मूल निरोप घेऊन येतं

असं एक जोडपं डोळ्यांसमोर आणू. हे कोणी एक खरं कुटुंब नाही, पण मारेगाव, झरी, घाटंजी, राळेगाव, कुठल्याही तालुक्यात सापडेल असं आहे. दोन-चार एकर कपाशी, घरात सासू, आणि चार वर्षांची एक मुलगी.

मुलगी जन्मली तेव्हा ठणठणीत होती. त्याचं कारण असं, की पोटातल्या बाळाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं आणि जन्मानंतर काही महिने ते टिकतं. या काळात सिकलसेल लपून राहतो. सहा महिन्यांच्या आगेमागे मोठ्या माणसांचं हिमोग्लोबिन तयार व्हायला लागतं आणि मग एके दिवशी बाळाची बोटं, पावलं सुजतात. बाळ रडायचं थांबत नाही. कोणी म्हणतं मुरगळलं, कोणी म्हणतं बाहेरचं काही लागलं. डोळे पिवळे दिसले की कावीळ म्हणून झाडपाला सुरू होतो. रक्ताची तपासणी व्हायला कधी वर्ष जातं, कधी तीन.

आणि मग रिपोर्ट येतो : मुलगी 'एसएस', आई 'एएस', बाप 'एएस'. दोघांना आयुष्यात कधी काही त्रास झालेला नसतो. लग्न जमवताना पत्रिका बघितलेली असते, हुंड्याची बोलणी झालेली असतात. रक्ताचं कोणी विचारलेलं नसतं. बहुतेक घरांत आई-बाप वाहक आहेत ही बातमी अशी पहिल्या आजारी मुलामार्फतच पोचते. म्हणून पहिल्या वेळी त्यांच्यापुढे काही प्रश्नच नव्हता. प्रश्न दुसऱ्या वेळी उभा राहतो.

शिकागोपासून नागपूरपर्यंत

या आजाराची वैद्यकातली नोंद सुरू होते शिकागोत. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल १९०४ मध्ये तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या. डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हे छापलं. विळ्याला इंग्रजीत 'सिकल' म्हणतात, त्यावरून पुढे नाव पडलं. नोएल शिकून मायदेशी परतला, दवाखाना चालवला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने गेला. वय ३२.

आजार आई-बाप दोघांकडूनही यावा लागतो, हे १९४९ मध्ये स्पष्ट झालं. त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदललेलं असतं. एवढंच. एका अक्षराची चूक. पण त्यामुळे प्राणवायू कमी पडला की पेशी वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ज्या जागी अडकतात, तिथे असह्य दुखतं.

भारतात हा दोष पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. विदर्भाची पाळी लवकरच आली. नागपूरचे आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोलंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. म्हणजे आपल्या भागात हा आजार आहे, हे शास्त्राला माहीत होऊन साठ वर्षांहून जास्त झाली. मारेगावच्या जोडप्याला ते कळलं मुलीची बोटं सुजल्यावर.

हा दोष आमच्यातच का?

विदर्भात सिकलसेल प्रामुख्याने गोंड, परधान, कोलाम अशा आदिवासी समाजांत आणि पूर्वाश्रमीच्या महार, आजच्या बौद्ध समाजात आढळतो. इतर जातींतही तो आहे. पण या यादीमुळे आजाराला जात चिकटली, आणि घराघरांत "आमच्या रक्तातच खोट" अशी समजूत रुजली.

शास्त्र उलटं सांगतं. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं, की ज्याच्याकडे या जनुकाची एकच प्रत आहे, त्याला मलेरिया सहसा जीवघेणा होत नाही. म्हणजे जंगलाकाठी, डासांच्या मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या माणसांना याच जनुकाने जगवलं. ही खोट नसून जगल्याची खूण आहे. त्रास होतो तो दोन प्रती एकत्र आल्या की.

आणि दोन प्रती एकत्र का येतात? मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, असं त्यांनी मांडलं. त्यांच्यापुढे सिकलसेलचा विषय नव्हता. पण त्यांनी बोट ठेवलं ती भिंतच इथेही काम करते. लग्नं एकाच कुंपणात होत राहिली, की एका वाहकाला दुसरा वाहक भेटण्याची शक्यता वाढते. तेव्हा दोष शोधायचाच असेल, तर रक्ताच्या आधी कुंपणाकडे बघावं लागेल.

आता दुसऱ्याला कशाला होईल?

पट्टीवर दोन रेघा दिसल्या तेव्हा आपल्या जोडप्यातली ती शेवटच्या पाळीपासून मोजलं तर पाचव्या आठवड्यात आहे. घरात तीन माणसं आणि तीन मतं.

सासू म्हणते, गप्प राहा. नवरा म्हणतो, "डॉक्टरनं चारात एक सांगतलं व्हतं ना? एकीले झालं. आता दुसऱ्याले कायले होईन?" तिला मात्र रात्री झोप येत नाही.

नवऱ्याचा हिशोब मनाला धीर देणारा आहे, पण चुकीचा. चार चिठ्ठ्यांचा डबा समजा. एकीवर आजार, दोन चिठ्ठ्यांवर आई-बापांसारखं नुसतं वाहक असणं, एक अगदी कोरी. पहिल्या बाळाच्या वेळी एक चिठ्ठी काढली, वाचली, आणि पुन्हा डब्यात टाकली. दुसऱ्या वेळी डब्यात पुन्हा चारही चिठ्ठ्या आहेत. डब्याला आठवण नसते. प्रत्येक बाळाच्या वेळी आजाराची शक्यता चारात एक, तितकीच.

यात आणखी एक गोष्ट आहे. बोल लावायची वेळ आली, की तो सुनेला लागतो. पण एका वाहकाने हा आजार होत नाही. रिपोर्टवर 'एएस' दोघांच्याही नावापुढे असतं. त्यामुळे दवाखान्याच्या खुर्चीवर दोघांनी शेजारी बसायचं असतं.

अकरावा आठवडा

१९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत युएट वाय कान आणि आंद्रे डोझी यांनी गर्भाच्या डीएनएवरून सिकलसेल ओळखून दाखवला. तेव्हापासून चिठ्ठी जन्माआधी वाचता येते. आज साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा कणभर तुकडा सुईने काढून तपासतात. सरावलेल्या हातांनी केली तर या तपासणीमुळे गर्भ जाण्याचा धोका शंभरात एकाहूनही कमी असतो, पण तो शून्य नसतो. ती वेळ टळली, तर सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून तपासता येतं.

आता सासूबाईंचे तीन महिने यात बसवून बघा. तीन महिने संपले की आशाताईला सांगायचं, मग उपकेंद्रात नाव नोंदवायचं, मग तालुक्याला, मग यवतमाळला. ही तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात होत नाही, त्यासाठी नागपूर-मुंबईसारख्या शहरातलं नोंदणीकृत केंद्र गाठावं लागतं. यवतमाळहून नागपूरच सुमारे दीडशे किलोमीटर. एसटी, मजुरी बुडणं, थोरलीला कोणाकडे ठेवायचं, हे सगळं वेगळंच. गप्प राहण्यात अकरावा, बारावा, तेरावा आठवडा कधी निघून जातो, ते कळतही नाही. गर्भजलाचा रिपोर्ट येईपर्यंत पाचवा महिना लागतो. पोट दिसायला लागलेलं असतं, बाळ हलायला लागलेलं असतं. तोच निर्णय, पण आता शरीराला आणि मनाला कितीतरी जड.

कायद्याची भीती

गावात आणखी एक धास्ती असते : गर्भाची तपासणी म्हणजे गुन्हा. ती कुठून आली हे समजण्यासारखं आहे. मुलींचे गर्भ पाडले जात होते, म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. दवाखान्यादवाखान्यांत त्याचे फलक लागले.

पण हा कायदा गर्भाचं लिंग सांगायला बंदी घालतो, सगळ्या तपासण्यांना नाही. हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार त्यात परवानगी असलेल्या कारणांच्या यादीत आहेत. अट अशी, की केंद्र नोंदणीकृत हवं, बाईची लेखी संमती हवी आणि मुलगा की मुलगी हे कोणी सांगायचं नाही. गर्भपाताचा कायदा १९७१चा आहे. बाळाला गंभीर व्यंग असण्याचा मोठा धोका असणं हे त्यातलं एक मान्य कारण आहे, आणि सज्ञान बाईची स्वतःची संमती त्याला पुरते. नवऱ्याची किंवा सासरची सही कायदा मागत नाही.

थोरलीकडे बघून

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं : वेळेत सांगा, वेळेत तपासा. खरी अडचण रिपोर्टनंतर आहे.

समजा चिठ्ठीवर पुन्हा 'एसएस' आलं. तिच्या मनात येतं ते असं : हे बाळ नको म्हणायचं, तर मग थोरलीचं काय? तिला आधी कळलं असतं, तर तिलाही नको म्हटलं असतं का? ती तर समोर अंगणात खेळते आहे. दुखायला लागलं की मांडीवर येऊन झोपते, बरं वाटलं की पुन्हा पळते. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच प्रयोगशाळेत नाही, आणि बाहेरच्या कोणी ते द्यायचंही नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात काही राज्यांनी काळ्या लोकांवर सिकलसेलच्या तपासणीची सक्ती केली. समजावून सांगणं कमी आणि शिक्का मारणं जास्त, असं झालं. निरोगी वाहकांना नोकरीत, विम्यात त्रास झाला. माहिती द्यायची आणि निर्णय मात्र आपणच घ्यायचा, असं सरकारने किंवा डॉक्टरने केलं, की असं होतं.

आजार घेऊन जगणंही आता नोएलच्या काळासारखं राहिलेलं नाही. लहानपणी नियमित पेनिसिलिन दिलं तर जीवघेणे संसर्ग टळतात, हे १९८६ मध्ये सिद्ध झालं. हायड्रॉक्सियुरियाने दुखण्याचे झटके कमी होतात, हे १९९५ मध्ये. भारताच्या २०१६च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०४७पर्यंत हा आजार संपवण्याचं आणि सात कोटी लोकांची तपासणी करण्याचं तिचं उद्दिष्ट आहे. तेव्हा एखादं जोडपं तपासणी नको म्हणेल, एखादं तपासून बाळ ठेवेल, एखादं ठेवणार नाही. तिघांनाही तोंड लपवायचं कारण नाही. तपासणी नको असेल तरी दवाखान्याला आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे बाळाचं रक्त जन्मताच तपासता येतं. थोरलीसारखी तीन वर्षं अंधारात जात नाहीत.

वाईट एकच : वेळ निघून गेल्यामुळे निर्णय होणं. त्यात कोणीच काही ठरवलेलं नसतं.

म्हणून सासूबाईंचा सल्ला थोडा बदलून घ्यावा लागेल. गावाला तीन महिने सांगू नका, खुशाल. शेजारणीला नको, भिशीतल्या बायकांना नको, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर तर नकोच. पण नवऱ्याला त्याच रात्री सांगा, आणि आशाताईला दुसऱ्या दिवशी. आणि तुमचं लग्न अजून व्हायचं असेल, तर रक्ताची ही साधी तपासणी पत्रिकेच्या आधी करून घ्या, म्हणजे घरातल्या पहिल्या मुलाला हा निरोप घेऊन यावं लागणार नाही.