जागेवर फिरणाऱ्या चाकाचा मागोवा

हातकणंगल्यात सायकल घरात आणायला बर्फ पडावा लागत नाही, उसाचा हंगाम पुरतो. नोव्हेंबरच्या आसपास नरंद्याचा शरद, हुपरीचा जवाहर, इचलकरंजीचा पंचगंगा अशा कारखान्यांची धुरांडी पेटली की आजूबाजूचे सगळे रस्ते मार्चपर्यंत ट्रॅक्टरच्या ताब्यात जातात. एकामागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागं ‘अंगद’ म्हणतात त्या ट्रॅक्टरगाड्या, मध्येच बैलगाड्या, आणि वळणावर सांडलेला ऊस. थंडी इथली सोसण्याजोगी. पण जानेवारीत उजाडायला सात वाजतात, पंचगंगा-वारणेच्या पट्ट्यात धुकं बसतं, आणि पुढच्या ट्रॉलीचा रिफ्लेक्टर लोंबणाऱ्या पाचटाखाली गेलेला असतो. पहाटे आळत्याजवळच्या रामलिंगच्या किंवा कुंभोजजवळच्या बाहुबलीच्या चढाला निघणाऱ्याच्या घरचे काळजीत पडतात ते या अंधारातल्या मोळ्यांमुळे. मग सायकल घरात जागेवर चालवता येईल अशा यंत्राची, म्हणजे ट्रेनरची, चौकशी सुरू होते.

चौकशी बहुधा किमतीपासून सुरू होते. ती या यंत्राच्या घराण्यापासून सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं. आज बाजारात जे प्रकार दिसतात ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांपोटी जन्मले, आणि प्रत्येकानं आपला मूळ स्वभाव सोडलेला नाही. तो कळला की निवड निम्मी झाली.

गंमत अशी की जागेवर पाय मारायचं यंत्र सायकलपेक्षा जुनं आहे. १७९६ साली लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्सनं ‘जिम्नॅस्टिकॉन’ नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. हा माणूस विजेचे झटके देऊन रोग्यांवर उपचार करणारा. त्याच्या यंत्रात पायांसाठी पावट्या होत्या, हातांसाठी दांडे होते, आणि ते रोग्यानं स्वतः चालवावं किंवा दुसऱ्या कुणी फिरवून त्याचे सांधे हलवावेत अशी सोय होती. कार्ल ड्राइसची पायानं ढकलायची, पेडल नसलेली दुचाकी आली १८१७ मध्ये, म्हणजे त्यानंतर एकवीस वर्षांनी. पुढच्याच वर्षी, १८१८ ला, विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्यानं तुरुंगासाठी पायचक्की रचली. कैद्यांनी तासन्‌तास न संपणारी पायरी चढत राहायची. जागेवरच्या श्रमाला शिक्षेचा जो वास आजही येतो, त्याचं एक मूळ तिथं आहे. पण घराण्याचा पहिला पुरुष वैद्यकातला होता, तुरुंगातला नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपीच्या खोलीत आजी-आजोबा जी स्थिर सायकल चालवतात, ती थेट लाउंड्सच्या वंशातली.

सायकल आल्यावर रोलर आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शर्यतपटू लाकडी चौकटीतल्या तीन दंडगोलांवर सायकल चढवून सराव करू लागले. दोन मागच्या चाकाखाली, एक पुढच्या, आणि त्यांना जोडणारा पट्टा. सायकलला कशाचाच आधार नाही. पाय थांबले किंवा हात वाकडा झाला की माणूस खाली. रोलरचा जन्मच तोल आणि गोल, घोटीव पेडल शिकवण्यासाठी झाला, आणि त्याचा स्वभाव आजही तोच आहे. भार कमी, धडा मोठा.

आपल्या गल्लीतही या घराण्याची एक शाखा होती. सुरी-कात्रीला धार लावणारा दारात येई, सायकल स्टँडवर घेई आणि पाय मारू लागे. पट्ट्यानं जोडलेला दगड फिरे आणि ठिणग्या उडत. सायकल जागेवर, श्रम मात्र कामाचा. काळ्या सायकलचं ते मागचं दुहेरी स्टँड, ज्यावर चाक जमिनीपासून सुटतं, त्यावर बसून पेडल फिरवलं नाही असं मूल या भागात विरळा. टायरला डायनॅमो टेकवला की दिवा लागायचा आणि पेडल एकदम जड व्हायचं. आज ‘व्हील-ऑन’ म्हणून विकला जाणारा ट्रेनर नेमकं हेच करतो. मागचं चाक उचललेलं, टायरवर दाबून धरलेला रूळ, आणि त्या रुळाच्या टोकाला भार.

हा भार आणायचा कसा, यावर शंभर वर्षं खटपट झाली. तिचं श्रेय शर्यतपटूंपेक्षा शरीरशास्त्रज्ञांना द्यायला हवं. माणूस किती काम करतो आणि त्यासाठी किती प्राणवायू खर्चतो हे मोजायचं, तर भार ठरलेला आणि मोजता येण्याजोगा हवा. कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोघनं १९१३ मध्ये विद्युतचुंबकी ब्रेकची सायकल मांडली. पुढं १९२० मध्ये केशवाहिन्यांवरच्या कामासाठी त्याला नोबेल मिळालं. १९५४ मध्ये स्वीडनच्या फोन डोबेल्न यानं चाकाभोवती पट्टा आवळून, विजेशिवाय चालणारी साधी आणि अचूक सायकल दिली. चुंबकी ब्रेकचं तत्त्व आपल्या ओळखीचं आहे. घराच्या दर्शनी भिंतीवर जुना वीजमीटर असे, त्यात ॲल्युमिनियमची चकती फिरे. तिला ताब्यात ठेवायला शेजारी चुंबक बसवलेला असे. धातू चुंबकासमोरून फिरला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि तेच त्याला मागं खेचतात. काहीही घासत नाही, म्हणून काही झिजतही नाही. चुंबकी ट्रेनर स्वस्त आणि टिकाऊ असतो तो यामुळे. मात्र वेग वाढवला तरी त्याचा भार हवेसारखा झपाट्यानं चढत नाही. हँडलवरचा खटका सरकवून तो वाढवावा लागतो.

पंख्याच्या ट्रेनरमध्ये उलट आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत तो रुळला. पंखा हवा कापतो, त्यामुळे वेग दुप्पट करायचा तर ताकद जवळपास आठपट लागते, अगदी सपाट रस्त्यावर वाऱ्याशी झगडताना लागते तशी. चाल खरी, पण आवाज एवढा की पहाटे शेजारी उठून बसावेत. तोच पंखा सिलिकॉन तेलाच्या बंद डबीत घातला की झाला फ्लुइड ट्रेनर. चाल तीच, आवाज पुष्कळ कमी.

एवढ्यानं रस्ता खोलीत येत नाही, कारण रस्त्यावर भाराइतकंच वजन काम करत असतं. पेडल वर आणि खाली टोकाला आलं की पायाची ताकद क्षणभर तुटते. तेवढ्यात धावत्या सायकलचा आणि आपल्या देहाचा वेग चाक पुढं नेतो. खोलीत देह जागेवरच असतो, म्हणून पेडल हिसके देतं. उपाय एकच, जड चाक. कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला नको. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाची दोन्ही बाजूंची बिडाची चाकं त्याच कामाची: दोन फेऱ्यांत एकदाच ठोका पडतो, मधली वाट ती चाकं पार करतात.

इथं एका माणसाची आठवण काढायलाच हवी. १८८८ साली, डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं त्याच वर्षी, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावासह बेळगावात सायकलचं दुकान काढलं. तिथून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले, १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि त्यांच्या उद्योगसमूहानं पुढं ऑइल इंजिनं केली. सायकलपासून जड फिरत्या चाकापर्यंतची ही वाट आपल्याच मुलखातून गेली आहे. हातकणंगले तालुक्यातल्या शिरोलीच्या फाउंड्र्या आज मोटारींचे सुटे भाग ओततात, त्याही या परंपरेच्या वारस.

जड चाक, विद्युतचुंबकी ब्रेक आणि मापन ही तिन्ही एकत्र आली ती डायरेक्ट ड्राइव्हमध्ये. सायकलचं मागचं चाक काढून ठेवायचं आणि साखळी थेट ट्रेनरच्या दातचक्रांवर चढवायची. २०१२ मध्ये वाहू कंपनीचा ‘किकर’ हा असा ट्रेनर आला, दोन-तीन वर्षांत ‘झ्विफ्ट’ या ॲपनं पडद्यावर रस्ते उभे केले, आणि पडद्यावर चढ आला की ब्रेक आपोआप आवळू लागला. लोकांचा विश्वास बसला तो २०१६ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू हेमनचा फेब्रुवारीअखेर हात मोडला. त्यानं पुढचे आठवडे खोलीत ट्रेनरवर काढले आणि १० एप्रिलला दगडी रस्त्यांची पॅरिस-रुबे शर्यत जिंकली. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते बंद झाले आणि त्याच डिसेंबरात घरबसल्या सायकलिंगची पहिली जागतिक अजिंक्यस्पर्धा झाली. आपल्याकडे तोवर लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वेड रुजलं होतं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये, तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये एकट्यानं, ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली होती. अशा पल्ल्याची स्वप्नं पाहणाऱ्याला उसाच्या हंगामात चार महिने सराव सोडून चालत नाही.

आता हातकणंगल्यात काय घ्यावं? स्पर्धेला उतरायचं असेल, वॅट मोजून सराव करायचा असेल, तर डायरेक्ट ड्राइव्हला पर्याय नाही. पण त्याला वीज लागते, आणि इथं पहाटे वीज गेली की पडद्यावरचा चढ तिथंच संपतो. आपल्या सायकलच्या दातचक्रांची संख्या आणि मागच्या आसाची रुंदी त्याच्याशी जुळते का, हे पैसे देण्याआधी पाहावं. तोल सुधारायचा असेल त्यानं रोलर घ्यावेत, सुरुवातीला दाराच्या चौकटीत उभे करून, म्हणजे हात टेकता येतो. बाकी बहुतेकांना, ज्यांना मार्चपर्यंत पाय जिवंत ठेवायचे आहेत, त्यांना मी फ्लुइड किंवा चुंबकी व्हील-ऑनच सुचवीन. विजेची गरज नाही, उचलून कोपऱ्यात ठेवता येतो, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. टायर झिजतो, म्हणून जुना टायर त्यासाठी बाजूला काढावा. फक्त काळी सायकल त्यावर सहज बसत नाही. तिचा मागचा आस नटांचा असतो आणि ट्रेनरच्या वाट्या त्यावर पकड घेत नाहीत. त्यासाठी वेगळे नट मिळतात, ते आधी मागून घ्यावेत.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यानं खाली जाड रबरी चटई घालावी, कारण आवाजापेक्षा थरथर स्लॅबमधून खाली जास्त पोहोचते. आणि पंखा समोर हवाच, डिसेंबरातही. रस्त्यावर अंगावर येणारा वारा घाम सुकवतो, तो खोलीत नसतो. थोड्याच वेळात घामाच्या धारा हँडलवर आणि फ्रेमवर पडू लागतात. खारट घामानं हेडसेटचे बोल्ट गंजतात, म्हणून हँडलवर पंचा टाकावा आणि उतरल्यावर सायकल ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करावी.