वाळूला हद्द नसते

नगरपालिकेची हद्द नकाशावर असते; वाळूला ती ठाऊक नसते. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो परगण्यात लाटांच्या ओढीने वाळू किनाऱ्याकिनाऱ्याने, एकंदरीत दक्षिणेकडे, सरकत असते. नद्यांवर धरणे झाली आणि तिची आवक आटली. १९४२ साली ओशनसाइडजवळ लष्करी नौकांसाठी बंदर झाले, त्याने तिची वाटही अडविली. पुळणी झिजल्या, कडे ढासळू लागले.

१९९७ साली विमानवाहू जहाजांसाठी नौदल तेथील उपसागर खोल करीत होते. उपसलेली वाळू पुळणींवर घालावयाची ठरली. पण ओशनसाइडला तिच्यात चक्क जिवंत दारूगोळा निघाला! पुढची वाळू समुद्रात टाकावी लागली. फुकटच्या मालाची गाठ आधी सोडून पाहावी, हे आम्ही कामगार चळवळीत शिकलो आहोत.

मग परगणा आणि त्यातली १८ शहरे यांच्या संयुक्त मंडळाने काम अंगावर घेतले. २००१ साली समुद्रतळावरची सुमारे २१ लाख घनयार्ड वाळू १२ पुळणींवर आली. २०१२ साली पुन्हा सुमारे १५ लाख, ८ पुळणींवर. या खेपेस राज्य सरकारबरोबर किनाऱ्यावरच्या शहरांनीही पदरमोड केली. आपल्या पैशाची वाळू उद्या शेजाऱ्याच्या दारी जाणार, हे ठाऊक असून केली. आम्हांला मोल वाटते ते याचे.

इम्पीरियल बीचला मात्र, नव्या भरावाने घरांत पाणी आले अशी तक्रार घेऊन काही रहिवासी कोर्टात गेले.