कोई मासे आणि मामा तलाव

कोई मासा म्हटलं की फार्महाऊसमागचं तळं, पंप, फिल्टर वगैरे आठवतं, बरोबर? पण हा रंगीत मासा मूळचा भातशेतीतला! जपानमधल्या नीगाताचे शेतकरी भाताच्या पाण्यासाठी डोंगरात तळी राखत आणि त्यांत खायला कार्प पाळत. एकोणिसाव्या शतकात त्यातले काही रंगीत निघाले, ते निवडून वाढवले गेले. १९१४ च्या टोकियो प्रदर्शनात ते गाजले.

आता आपल्याकडे या. आमचं सिंदेवाही धानाच्या पट्ट्यातलं. इथेही तलाव धानासाठीच; मासे ही वरची कमाई. गोंड राजांच्या काळापासून बांधले गेलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे होते. पाळ दुरुस्त करणं, गाळ काढणं, पाट मोकळे करणं हे मालगुजार गावाकडून करून घ्यायचा, कधी वेठीनेही. गोडवे गावेत असं काही नाही त्यात. पण काम व्हायचं.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. 'माजी मालगुजारी'चं झालं 'मामा'! वेठ गेली हे उत्तमच. पण दरवर्षीची देखभाल कुणी करायची, हा प्रश्न लोंबकळतच राहिला. कित्येक तलावांत गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली. धानाचं पाणी घटलं, ढिवरांची मासळीही.

कोईच्या तळ्यातला पंप बंद पडला तर मासे काही तासांत तडफडतात, म्हणून मालक धावतो. तलाव मरायला मात्र वर्षं लागतात, म्हणून कुणीच धावत नाही.

अगदीच कुणी नाही असंही नाही म्हणा. भंडारा-गोंदियात ढिवर बायकांनी बेशरम उपटून, देशी पाणवनस्पती लावून काही तलाव सावरलेत. ज्यांचं पोट त्या पाण्यावर, त्याच धावल्या.