क्रोटन : रंगीत पानांच्या वाणांची घडण

कोल्हापुरात बंगल्यांच्या कुंपणाशी आणि अंगणातल्या कुंड्यांत दिसणारे क्रोटन हे एरंड कुलातील झुडूप आहे. त्याचे मूळ स्थान इंडोनेशियापासून पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत पसरलेले आहे. अंबोन बेटावर राहणाऱ्या रम्फियस याने सतराव्या शतकात त्याचे वर्णन लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, 1741 पासून प्रसिद्ध झाले. लिनियसने 1753 मध्ये या झुडपाला क्रोटन प्रजातीत घातले. पुढे ते कोडिअम या प्रजातीत गेले, तरी बागवानांच्या तोंडी जुनेच नाव राहिले.

नव्या वाणांचा खरा ओघ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. जॉन गूल्ड व्हीच याने 1865 च्या सुमारास दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवरून अनेक रंगीत प्रकार लंडनच्या रोपवाटिकेत नेले. युरोपातील काचघरांत त्यांचे संकर झाले. विसाव्या शतकात हे काम उघड्यावर क्रोटन वाढणाऱ्या फ्लॉरिडात जोमाने चालले.

क्रोटनच्या एकाच झाडावर नर व मादी फुलांचे तुरे वेगवेगळे येतात, त्यामुळे संकर करणे सोपे जाते. बियांपासून उगवलेली रोपे मात्र आईसारखी निघत नाहीत. पानांचा आकार, ठिपके, शिरांचा रंग सारे बदलते. कोवळ्या रोपाचे पान पुढे रंग पालटते, म्हणून निवडीआधी ते काही वर्षे निरखावे लागते. कधी जुन्या झाडाच्या एखाद्याच फांदीवर वेगळे पान येते. या कलिका-उत्परिवर्तनातूनही नवा वाण मिळतो.

मिळालेला वाण टिकतो तो छाटकलमाने किंवा गुटीने. कोल्हापूरकडे मृगाचा पाऊस लागला की गुटी बांधायला चांगला हंगाम असतो. पक्व फांदीची साल कड्यासारखी काढून तिथे ओले शेवाळ गुंडाळतात, वर प्लॅस्टिक घट्ट बांधतात आणि मुळे दिसली की फांदी खालून कापून लावतात. दाट सावलीत पाने हिरवट पडतात, म्हणून वाणाची पारख भरपूर उजेडातच करावी लागते.

भारतात पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 मध्ये झाला. नव्या वाणाला संरक्षण मिळण्यासाठी तो वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. रंगीत पानांच्या झाडांत वेगळेपण निसर्ग सहज देतो. एकसारखेपणा आणि स्थिरता मात्र पिढ्यान्‌पिढ्या कलमे बांधणाऱ्या माळ्यांच्या हातून आली आहे.